एका टीव्हीत दोन इवाई

मी एकदा ठरवलं की ठरवलं. मग मागं हटणं नाही. माझी बायको सपना याला जिद्द म्हणत नाही, ती दुसराच एक शब्द वापरते, तो इथं लिहिण्यासारखा नाही. पण मी काही ठरवल्याचं तिच्या कानावर गेलं की ती न बोलता वरच्या फळीवरचे काचेचे ग्लास खाली काढून ठेवते.

तर दोन हजार सहा सालच्या डिसेंबरात मी ठरवलं, की आमच्या आम्रपालीचा आठवा वाढदिवस यंदा एकदाच करायचा.

तुम्ही म्हणाल, त्यात काय ठरवायचं? वाढदिवस एकदाच येतो. तुमच्याकडं येत असेल, आमच्याकडं तो दोनदा यायचा. एका रविवारी माझे वडील जळबा शिरड शहापूरहून हिंगोलीला यायचे, तेव्हा केक कापायचा. पुढच्या रविवारी माझे सासरे किसनराव सिद्धेश्वर धरणाच्या गावाहून यायचे, तेव्हा दुसरा केक, पण मेणबत्त्या त्याच. (सपना त्या धुऊन ठेवते.) कारण हे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवायाचं भांडण म्हणजे हळदीचा डाग. धुवाल तितका पक्का.

भांडण आमच्या लग्नातलं. आहेर चालू होता, आणि आमच्याकडं आहेर माइकवर पुकारतात. "किसनराव यांच्याकडून व्याह्यांना टॉवेल-टोपी," असं पुकारलं गेलं. माझ्या वडिलांनी भर मांडवात घडी उलगडली, तर टॉवेल कसला, नॅपकिन होता. तळहातापेक्षा थोडा मोठा. वडिलांनी त्यानं तोंड पुसलं आणि माइकवाल्याच्या हातातून माइक घेऊन म्हणाले, "एक गाल झाला. दुसऱ्याचं काय करू?"

सासऱ्यांनीही माइक मागून घेतला. "तोंड एवढं मोठं असल हे आमाला आधी सांगाया पाह्यजे होतं."

झालं. तेव्हापासून अबोला. दोघी विहिणी मात्र रोज फोनवर बोलतात, लोणच्याच्या बरण्या इकडून तिकडं जातात, पण हे दोघं म्हणजे एक घरात आला की दुसरा स्टँडवर. आम्रपालीनं मागच्या वर्षी हिशोब करून मला सांगितलं होतं, "पप्पा, दरवर्षी दोन वाढदिवस म्हंजे मी आता चौदा वर्षांची झाले." तेव्हा मी हसलो होतो. यंदा तिनं वेगळंच काढलं. म्हणाली, "मला दोन केक नको. एकच पाह्यजे, पण एका बाजूनं शिरडवाल्या आबानं हात धरायचा आन् एका बाजूनं धरणवाल्या आबानं. न्हाई तर मला वाढदिवसच नको."

रडली असती तर मी बिस्किटाचा पुडा देऊन भागवलं असतं. पण ती रडली नाही. गृहपाठ सांगावा तसं सांगून दोरीवरच्या उड्या मारायला गेली. तिथंच मी ठरवलं. (सपनानं ग्लास काढले.)

आता ह्या दोघांना एका खोलीत आणायचं कसं? जेवायला बसवावं तर पहिलं ताट कोणापुढं, यावरून नवा अबोला सुरू व्हायचा. उपाय माझ्या डोळ्यांपुढंच होता, टीव्हीखालच्या कप्प्यात.

माझा मेहुणा मिलिंद पुण्याला कंपनीत आहे. त्यानं दिवाळीला नवीन व्हिडिओ गेमचं मशीन घेतलं आणि जुनं आम्रपालीला पाठवलं. टीव्हीला लाल-पिवळ्या पिना जोडायच्या, चकती घालायची, हातात बटणांचं रिमोट धरायचं की पडद्यावर गाड्यांची शर्यत सुरू. आम्रपालीला त्याचा आठ दिवसांत कंटाळा आला. पण बाजाराच्या दिवशी वडील आले, त्यांनी सहज रिमोट हातात घेतलं, आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकवली. पुढच्या आठवड्यात सासरे पेन्शनच्या कामाला आले आणि त्यांचं तेच झालं. सासरे कालव्याचं पाणी सोडायच्या कामावरून रिटायर झालेले, त्यामुळं ते गाडीसुद्धा दार थोडं थोडं उघडावं तशी जपून चालवायचे. वडील मात्र बैलजोडी हाकल्यासारखे. वळण आलं की रिमोट सोडून तेच तिरके व्हायचे आणि तोंडानं "हाॅ! हाॅ!" करायचे.

शर्यत झाली की पडद्यावर नंबरांची यादी यायची, कोणी किती मिनिटात फेरी मारली त्याची. नावाला तीनच इंग्रजी अक्षरं. वडील झाले जे-ए-एल. सासरे झाले के-आय-एस, ते वाचून सपनाला दोन दिवस लाज वाटली. आठ जणांच्या यादीत पहिले दोन नंबर ह्या दोघांचे, आणि आठवा नंबर माझा. मधले पाच मशीनमधले होते, जे माणसंच नाहीत.

आणि गंमत ही, की दोघं तोंडानं एकमेकांचं नाव घेत नव्हते, पण घरात पाऊल टाकलं की आधी आम्रपालीला विचारायचे, "पोरी, त्याह्यचं किती झालं?"

मिलिंद फोनवर म्हणाला, "दाजी, एकाच टीव्हीवर दोघं खेळू शकतात. पडद्याचे दोन भाग होतात. अर्ध्यात एक, अर्ध्यात दुसरा. फक्त दुसरं रिमोट लागेल."

मी खुर्चीतून उठलो. दोन इवाई, एक टीव्ही, मध्ये एक रेघ! शर्यत लागली की बोलावंच लागणार. मुक्यानं शर्यत कशी होईल?

दुसरं रिमोट मिलिंदनं रातराणीच्या कंडक्टरच्या हाती पाठवलं आणि मी ते सकाळी डेपोत जाऊन घेतलं. त्याच संध्याकाळी कामाला लागलो. वायर खुपसली, मशीन चालू केलं. पडदा एकसंध. "दोन खेळाडू" असं ज्या ओळीत लिहिलेलं, ती ओळ फिकट, दाबली तरी दबेना. मिलिंदला फोन लावला.

"दाजी, दुसऱ्या रिमोटचं बटण दाबा."

"दाबलं."

"काय झालं?"

"काहीच नाही."

"मग तुम्ही पहिल्याचं दाबलं असंल."

"अरे, मी चिठ्ठी चिकटवली आहे. ह्याच्यावर दोन नंबर लिहिलाय."

"नंबर कशावरून दिला?"

"आवक तारखेवरून. जे नंतर आलं ते दोन."

मग मिलिंद म्हणाला, "दाजी, तारखेचं काही नसतं. डाव्या भोकात घातलं ते एक आन् उजव्यात घातलं ते दोन. तुमी नवीन रिमोट डाव्या भोकात घातलं असंल."

घातलं होतं. (सरकारी ऑफिसात एकोणीस वर्षं आवक-जावक रजिस्टर सांभाळलेल्या माणसाला हे पचायला जड गेलं.) वायरी बदलल्या. मग लक्षात आलं की चिठ्ठ्याही बदलाव्या लागतील. घोटाळा नको म्हणून त्याही बदलल्या. म्हणजे पुन्हा मूळपदावर. असं तीन संध्याकाळ चाललं. मी हटलो नाही. सपना एकदाच म्हणाली, "एखाद्या माणसाला सोडून देणं म्हणून काही असतं का न्हाई?" मी म्हणालो, "पोरीचा वाढदिवस आहे." मग तिनं चहा करून दिला.

तिसऱ्या संध्याकाळी पडदा दुभंगला. वर एक रस्ता, खाली एक रस्ता, मध्ये काळी पट्टी. मी आनंदानं ओरडलो. सपना स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली, तिनं टीव्हीकडं पाहिलं आणि त्याच्या डोक्यावर तीन थपडा ठेवून दिल्या.

"अगं, काय करतेस!"

"चित्र फाटून राहिलं ना! मागच्या येळी असंच झालं होतं, दोन थपडात बसलं होतं."

"ते बिघडलं होतं. हे मी मुद्दाम केलंय."

"तुमी केलं?" तिनं पुन्हा टीव्हीकडं पाहिलं. "मग तर मेकॅनिकच बोलवा."

मी तिला समजावून सांगितलं, शेजारी बसवलं आणि हातात दोन नंबर दिला. नवराबायकोची शर्यत लागली. मी अशी गाडी हाणली म्हणता! एक वळण चुकलं नाही, एका खांबाला लागलो नाही, सगळ्यांच्या पुढं. शेवटची रेघ ओलांडून मी हात वर केले. सपना शांतपणे म्हणाली, "वरची गाडी माझी आहे. तुमची ती खालची." खाली पाहिलं तर माझी गाडी पहिल्याच वळणावर भिंतीला नाक लावून उभी होती. मी एवढा वेळ तिची गाडी डोळ्यांनी चालवत होतो.

असो. यंत्रणा तयार होती, हे महत्त्वाचं.

रविवार आला. त्या दिवशी लाइट सकाळी दहाला यायची आणि एकला जायची, हे पेपरातलं भारनियमनाचं वेळापत्रक कापून मी भिंतीला लावलं होतं. दोघांनाही अकराची वेळ दिली. वडिलांनी विचारलं, "त्ये येऊन राहिले का?" मी म्हणालो, "छे." सासऱ्यांनी विचारलं, "कोन कोन हाये?" मी म्हणालो, "घरचेच." ह्याला मी खोटं म्हणत नाही.

दोघंही औंढ्याला गाडी बदलून तिथून एकाच एसटीनं आले. एक पुढच्या सीटवर, एक मागच्या. स्टँडवर उतरले आणि रस्त्याच्या दोन कडांनी चालत आमच्या दारापाशी आले. फाटक एक होतं, त्याला मी तरी काय करणार? आधी वडील आत आले, मग सासऱ्यांनी ते उघडं फाटक लावलं, स्वतःच्या हातानं पुन्हा उघडलं आणि मग आत आले.

खोलीत बसल्यावर एकाचं तोंड खिडकीकडं, एकाचं दाराकडं. मध्ये आम्रपाली, नव्या फ्रॉकात. वडील म्हणाले, "पोरी, तुझ्या धरणवाल्या आबाला सांग, आमी आदल्या दिशीच येनार होतो." सासरे म्हणाले, "लेकरा, तुझ्या शिरडवाल्या आबाला सांग, कोनी धरून ठेवलं न्हवतं." आम्रपालीनं दोन्ही निरोप बराबर पोचवले. मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "पप्पा, असं न्हाई. हात धरायचे होते."

मी म्हणालो, "थांब." आणि मशीन चालू केलं. दोन रिमोट दोघांपुढं ठेवले. दोघांच्याही डोळ्यांत चमक आली, मला स्पष्ट दिसली. पडदा फाटला, वर एक, खाली एक. मी अभिमानानं सांगितलं, "बाबा, मामा, दोघांनी एकदमच खेळायचं. वरचा भाग एकाचा, खालचा एकाचा."

वडिलांनी रिमोट उचललं. "वरचा कोनाचा?"

आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली. वायरींचा विचार केला, लाइटचा केला, पेढ्यांचा केला, पण मानपानाचा विचार केलाच नव्हता!

"पोरी, त्याह्यला सांग," वडील म्हणाले, "आमी पोराकडचे. वरपक्ष वरच ऱ्हातो."

"लेकरा, त्याह्यला सांग," सासरे म्हणाले, "आमी वयानं दोन साल मोठे. आन् मागं एकदा आमी खालीच बसलो होतो, मांडवात."

"टॉस करू," मी म्हणालो.

"मान काय टॉसवर ठरत असतो का?" हे दोघंही म्हणाले, एकदम, पण माझ्याकडं बघून.

सपनानं स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडं असं पाहिलं, की मी पुढचा मागचा विचार न करता मशीनच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरलो. घड्याळात साडेबारा. ओळीमागून ओळी इंग्रजीत, दर ओळीखाली बारीक अक्षरं. आणि सापडलं! पडद्याची वाटणी आडवीऐवजी उभी करता येत होती! एक डावीकडं, एक उजवीकडं, कोणी वर नाही, कोणी खाली नाही. मी ते निवडलं. मशीननं इंग्रजीत काहीतरी चार ओळींचं विचारलं, शेवटी हो की नाही. आता ऑफिसात माझ्या टेबलावर जो कागद येतो तो मी वाचत बसलो तर हिंगोली जिल्ह्याचं काम थांबेल. मी सवयीनं "हो" केलं. त्यानं पुन्हा विचारलं, नक्की का? मी पुन्हा "हो" केलं. पडदा उभा दुभंगला.

वडिलांनी मान हलवली. "हां. अशी असती वाटनी. मदी धुरा आन् दोनीकडं रान." धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. सासऱ्यांनीही चष्मा पुसला. ज्याला मिलिंदनं इंग्रजीत काय काय म्हणून मला तीन दिवस समजावलं, ते ह्या दोघांना एका क्षणात समजलं. माझ्यापेक्षा जास्तच समजलं, हे नंतर कळलं.

शर्यत सुरू झाली. वडील डावीकडं, सासरे उजवीकडं. "हाॅ! हाॅ!" एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ओठ आवळून एक एक बटण. अर्धी फेरी सुरळीत गेली. मग वडिलांची लाल गाडी पुढं निघाली, आणि साहजिकच सासऱ्यांच्या अर्ध्या पडद्यावर ती त्यांच्या निळ्या गाडीपुढं दिसायला लागली.

सासरे ताठ झाले. "लेकरा, त्याह्यला सांग, त्याह्यची गाडी आपल्या वाट्यात आली."

आम्रपाली म्हणाली, "आबा, रस्ता एकच आहे."

"रस्ता एक कसा? धुरा दिसून राहिला ना मदी! धुऱ्याच्या अलीकडं लाल गाडी काहून आली?"

"पोरी, त्याह्यला सांग, आमी आमच्या रानातच हावोत. ही बघ आमची गाडी आमच्या वाट्यात."

"मग ही दुसरी लाल कोनाची? वाट्यात एक ठेवायची आन् धुरा कोरून दुसरी इकडं घालायची?"

"कोनी धुरा कोरला? सात पिढ्यात कोनाचा वीतभर धुरा कोरला न्हाई आमी!"

तेवढ्यात निळी गाडी जोरात निघाली आणि वडिलांच्या अर्ध्यात शिरली. वडील जागेवरून अर्धे उठले. "आन् हे? हे काय हाये? इवाई, गाडी मागं घ्या!"

"आदी तुमी घ्या, इवाई!"

"तुमी आदी आले!"

"तुमी आदी आले!"

मी सपनाकडं पाहिलं. सपनानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या हातातला झारा तसाच हवेत. ‘इवाई’ म्हणाले! मधल्या पोरीला न सांगता, थेट, तोंडावर! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो. भांडत का होईना, बोलत होते. आम्रपाली दोघांच्या मधून हळूच उठून सपनापाशी जाऊन उभी राहिली, कारण तिचं काम संपलं होतं.

इथं एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता.

मी पुढं झालो आणि टीव्हीसमोर उभा राहून समजावायला लागलो, "बाबा, मामा, हा धुरा नाही. रस्ता एकच आहे, फक्त दोन जागांवरून दिसतोय. तुमची गाडी त्यांच्यातही दिसणार, त्यांची तुमच्यातही..."

"बाजूला सर!" वडील ओरडले.

"दिसून न्हाई राहिलं, जावई!" सासरे ओरडले.

मी सरेपर्यंत लाल गाडी नदीत आणि निळी खांबावर. कशीबशी दोघांनी शेवटची रेघ ओलांडली आणि पडद्यावर नंबरांची यादी आली. दोघंही पुढं वाकले. मीही वाकलो.

यादीत जे-ए-एल नव्हतं. के-आय-एसही नव्हतं. सगळी आठही नावं मशीनमधल्या त्या पाच जणांची आणि त्यांच्या पाहुण्यांची. दोघांची सगळी कमाई, दीड महिन्याची, गेलेली. मघाशी मी दोनदा "हो" केलं ते कशाला केलं, हे तेव्हा मला कळलं. नवीन साठवण्यासाठी जुनं पुसू का, असं ते विचारत होतं. नक्की का, असंही विचारत होतं, बिचारं.

"माझं कुटं हाये?" वडील म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "माझं दोन मिन्टं बारा सेकंद कुटं हाये?"

"पुसलं गेलं, बाबा," मी म्हणालो. "चुकून."

वडील रिमोट मांडीवर ठेवून बसले. पासष्ट वर्षांचा माणूस, कधी कुठल्या शर्यतीत उतरला नव्हता, त्याचं नाव पहिल्यांदा कुठंतरी यादीत लागलं होतं. आता ते होतं म्हणून सांगितलं तरी शिरडात कोण खरं मानणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा सासरे बोलले. "बारा न्हाई. अकरा."

वडिलांनी मान वर केली.

"इवाई, तुमचं दोन मिन्टं अकरा सेकंद होतं," सासरे म्हणाले. "बारा पहिलं होतं. मागच्या बाजारी तुमी अकरा केलं. म्या सोता पाह्यलं, यादीत. पेन्शनीला आलो तवा पहिलं तेच पाह्यलं."

वडील रिमोट बाजूला ठेवून त्यांच्याकडं वळले. मग म्हणाले, "आन् तुमचं दोन नऊ होतं. पहिला नंबर. म्या पन पाह्यलं."

"व्हय?"

"व्हय म्हंजे! रोज डोळ्यापुढं येत होतं. झोप न्हाई लागायची."

सासरे हसले. मग वडील हसले. आणि एक वाजला, लाइट गेली, टीव्ही काळा झाला. कोणी उठलं नाही. दोघं आपापल्या जागेवरून सरकत सरकत पलंगाच्या मधोमध आले, आणि पुलाजवळचं वळण कोण कसं घ्यायचा यावर बोलायला लागले. सासरे रिमोट नुसतंच धरून दाखवत होते, वडील "अस्सं?" म्हणत होते. सपनानं पदरानं डोळे पुसले.

मग दोघांनी एकदम माझ्याकडं पाहिलं.

"पन नुस्तं तोंडी काय उपेगाचं?" वडील म्हणाले. "लेखी पाह्यजे."

"बराबर," सासरे म्हणाले. "पंचनामा करा. तुमचा साक्षीदार मी, माझे तुमी. जावई, कागद घ्या. तुमी क्लार्क हाव ना?"

मी फुलस्केप कागद घेतला. दोघं सांगत होते, मी लिहीत होतो, खिडकीच्या उजेडात. ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष लिहून देतो की, किसनराव यांचा वेळ दोन मिनिटे नऊ सेकंद, नंबर पहिला, व जळबा यांचा वेळ दोन मिनिटे अकरा सेकंद, नंबर दुसरा, असा यादीत होता व तो आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिला.’ आजवर शेकडो कागद लिहिले, पण एवढ्या काळजीनं कोणी मला मजकूर सांगितला नव्हता.

"आता नुकसान कोनी केलं ते लिही," वडील म्हणाले.

"चुकून झालं," मी म्हणालो.

"चुकून न्हाई. दोनदा ‘हो’ म्हनले," सासरे म्हणाले. "म्या मोजलं."

मी माझं नाव घालून लिहिलं: ‘सदर नुकसान धम्मदीप यांच्या हातून झाले.’

"नुस्तं धम्मदीप काय कळतं? कोन धम्मदीप?" वडील म्हणाले. "लिही, किसनरावाचा जावई."

"छे छे, इवाई," सासरे म्हणाले, "कागदावर बापाचं नाव लावायची रीत हाये. लिहा, जळबाचं पोरगं."

"नऊ सालं झाली, तुमच्याच घरचा हाये त्यो. तुमाला दिला."

"आमी पोरगी दिली, पोरगं घेतलं न्हाई."

"आता अशी तकलीफ देता व्हय, इवाई?"

"बरं, मंग दोगांचा नको," सासरे म्हणाले. "सोडा ती जागा. खाली सह्या करू."

दोघांनी सह्या केल्या. वडील सही करताना जीभ बाहेर काढतात, तशी काढून. पेन बंद करून माझ्या खिशाला लावलं आणि उठले. आम्रपाली केकजवळ सुरी धरून उभीच होती. शिरडवाल्या आबानं डाव्या बाजूनं तिचा हात धरला, धरणवाल्या आबानं उजव्या बाजूनं, आणि तीन हातांनी केक कापला. पोरीचं तोंड असं फुललं होतं, की तीन काय, तीस संध्याकाळी वायरी बदलल्या असत्या तरी मला चाललं असतं. पहिला तुकडा कोणाला, यावर भांडण होणार म्हणून मी श्वास धरला. तिनं केकचे दोन तुकडे दोन हातांत घेतले आणि दोन तोंडांत एकदम घातले. ही अक्कल तिला आईकडून आली असणार.

सगळे केक खात होते, म्हणून मी कागद घेऊन सपनाजवळ गेलो. हळूच म्हणालो, "एवढी जागा राहिलीय. ‘सपनाचा नवरा’ असं लिहू का?"

सपनानं तोंडातला केक संपवला. कागद हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाचला.

"माझं नाव काहून?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या की कोरीच. तुमाला कोनी मागाया आलं तर बघू."

तो पंचनामा अजून आमच्या टीव्हीच्या वर भिंतीला चिकटवलेला आहे. दोन्ही इवाई दर महिन्याला येतात, शेजारी शेजारी बसून खेळतात आणि जाताना तो एकदा वाचून जातात. जागा कोरी आहे. अजून कोणी मागायला आलेलं नाही.